स्मरणिकेत न मावलेलं

आमच्या भागातल्या डॉक्टर मंडळाला यंदा चाळीस वर्षं झाली. मी त्याचा सेक्रेटरी, आणि कसा झालो तेही सांगून टाकतो. जनरल बॉडीत विषयपत्रिकेवरचा सातवा विषय चालू असताना मी खाली चहा प्यायला गेलो, वर आलो तर लोक टाळ्या वाजवत होते. तर चाळीस वर्षं म्हणजे स्मरणिका आलीच. कमिटीत ठरलं की पहिलं पान 'डॉक्टरांच्या संघटनांचा इतिहास' असं काहीतरी द्यायचं, आणि ते कोण लिहिणार, तर सेक्रेटरी. मी दोन महिने दवाखाना बंद झाल्यावर रात्री बसून वाचलं, सहा पानं लिहिली, आणि शेवटी छापलं किती तर अर्धं पान. उरलेल्या जागेत एका पॅथॉलॉजी लॅबची जाहिरात आली, ट्रेझरर म्हणाला त्यांनी कलरचे पैसे दिलेत, तुझ्या त्या इतिहासातल्या भाऊ दाजींनी किती दिले? बरोबर आहे त्याचं. म्हणून उरलेलं इथे टाकतोय, ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते कारण आपल्याकडे डॉक्टरांनी एकत्र बसायची टूम तिथेच निघाली. १८३५ मध्ये मेडिकल अँड फिजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली, ती अर्थात साहेबांची, कंपनी सरकारच्या नोकरीतले गोरे सर्जन, कुठे कुठे लष्करी छावण्यांत पडलेले, कॉलरा आणि तापाने माणसं पटापट मरताना बघणारे. विचारायला कोणी नाही, पुस्तकं विलायतेची आणि रोग इथले. मग जो तो आपल्या केसेस लिहून पाठवायचा आणि सोसायटी त्या छापायची. त्याच सुमाराला सर रॉबर्ट ग्रँट गव्हर्नर झाले, त्यांच्या डोक्यात इथल्या मुलांसाठी मेडिकल कॉलेज काढायचं आलं. त्याआधी १८२६ मध्ये मुंबईत एक नेटिव्ह मेडिकल स्कूल निघून १८३२ मध्ये बंदही पडलं होतं, त्यामुळे वर बसलेल्या लोकांना हा उद्योग पुन्हा नको होता. ग्रँटनी या सोसायटीच्या डॉक्टरांनाच इथल्या वैद्यकाची परिस्थिती काय आहे ते गोळा करून द्यायला सांगितलं. १८३८ मध्ये ग्रँटसाहेब पुण्याजवळ दापोडीला वारले, कॉलेज बघायला काही ते राहिले नाहीत. ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं १८४५ मध्ये, शेजारी जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतून जे. जे. हॉस्पिटल. पहिले प्रिन्सिपल डॉ. चार्ल्स मोरहेड.

१८५१ मध्ये पहिली बॅच बाहेर पडली, आठ जण. भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, होजे कामिलो लिस्बोआ आणि आणखी चार, हिंदू, पारशी आणि ख्रिश्चन अशी सगळी सरमिसळ. त्याच वर्षी मोरहेडच्या पुढाकाराने ग्रँट कॉलेज मेडिकल सोसायटी निघाली. हा मुद्दा मला फार आवडला, म्हणजे कॉलेजातून पोरं बाहेर पडली आणि लगेच मास्तर म्हणतोय की आता महिन्यातून एकदा परत या आणि काय बघितलं ते एकमेकांना सांगा. कारण त्याला माहीत असणार, की डॉक्टर एकदा आपल्या खुर्चीत बसला की त्याला चूक दाखवणारं कोणी उरत नाही. पेशंट 'देव आहात डॉक्टर' म्हणतो नाहीतर दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, मधलं काही नसतं.

या आठ जणांनी नंतर जे काय उद्योग केले ते बघितले की आपण दिवसभर ब्लडप्रेशर मोजून दमतो याची लाज वाटते. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला, १८७९ मध्ये ते मुंबईचे शेरीफ, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढणाऱ्या आठ जणांत दोनच भारतीय होते आणि दोघेही ग्रँटचे डॉक्टर, एक हे आणि दुसरे सखाराम अर्जुन. लिस्बोआ गवतांच्या मागे लागले, वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूनच जास्त नाव झालं. अनंत चंद्रोबांनी देवीची लस टोचण्याच्या कामात आयुष्य घातलं. आणि भाऊ दाजी.

भाऊ दाजींवर जरा थांबतो.

माणूस गोव्यातल्या मांद्र्याचा, जन्म १८२२ चा, घरची परिस्थिती बेताची. एल्फिन्स्टनमध्ये शिकला, कच्छ-काठेवाडातल्या मुली मारण्याच्या चालीवर निबंध लिहून बक्षीस मिळवलं, मग डॉक्टर झाला. सरकारी चाकरीत ग्रँटच्या पोरांना वरच्या जागा मिळतच नव्हत्या, सब-असिस्टंट सर्जन म्हणजे गोऱ्या साहेबाच्या हाताखाली राबायचं. भाऊंनी स्वतःची प्रॅक्टिस टाकली, ती तुफान चालली, त्यांचे बंधू नारायण दाजी पण डॉक्टर, दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. शिवाय शिलालेख वाचायचे, जुनी नाणी जमवायची, १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे सेक्रेटरी, दोनदा शेरीफ. भायखळ्याच्या राणीबागेतलं म्युझियम उभं राहिलं त्यात त्यांचा हात होता, आणि १९७५ पासून ते त्यांच्याच नावाने आहे, भाऊ दाजी लाड म्युझियम. आपण तिथे शाळेच्या ट्रिपला गेलेलो असतो आणि मातीची माणसं बघून येतो, हा लाड म्हणजे कोण हे काही कोणी विचारत नाही.

पण मला त्यांच्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. पहिली, १८६२ ची महाराज लायबल केस. करसनदास मुळजींनी वल्लभ संप्रदायाच्या महाराजांबद्दल छापलं, महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि कोर्टात डॉक्टर मंडळी साक्षीला उभी राहिली, त्यात भाऊ दाजीही. विषय काय, तर महाराज मंडळींचे गुप्तरोग. आज कोणी असं केलं तर मेडिकल काउन्सिल नोटीस काढेल, पेशंटचं गुपित असं चव्हाट्यावर मांडतात का म्हणून. आणि तरी त्या साक्षींशिवाय करसनदासांची बाजू इतकी भक्कम झाली नसती. त्या काळात शेठ लोकांना दुखवून असं बोलायचं म्हणजे निम्मी प्रॅक्टिस गमवायची तयारी पाहिजे.

दुसरी गोष्ट कुष्ठरोगाची. भाऊंनी कुष्ठरोगावर औषध शोधलं, लांबून लांबून पेशंट यायचे, बरे होतात अशी ख्याती झाली. औषध काय? ते सांगायचे नाहीत. नंतर कळलं की चौलमुग्र्याच्या जातीच्या बियांचं तेल होतं, ज्याला आपल्याकडे कडू कवठ म्हणतात त्यातलं. त्यांचं म्हणणं असावं की पूर्ण खात्री होईपर्यंत जाहीर करायचं नाही, पण टीका व्हायची ती झालीच, डॉक्टरने गुप्त औषध ठेवायचं म्हणजे मग त्याच्यात आणि वैदूत फरक काय राहिला. आणि ३१ मे १८७४ ला ते गेले. म्हणजे बघा, जे झाकून ठेवायचं असतं ते कोर्टात सांगितलं, आणि जे सगळ्यांना सांगायचं असतं ते झाकून ठेवलं. मी त्यांना नावं ठेवत नाहीये हां, माझी काय टाप आहे. पण महिन्याच्या महिन्याला केसेस सांगायला जमणाऱ्या मंडळातला सगळ्यात हुशार माणूस स्वतःच्या सगळ्यात मोठ्या केसबद्दल गप्प बसतो, हे मला दोन रात्री झोपू देईना.

त्याच जे. जे. च्या आवारात त्याच काळात दुसरा एक माणूस कुष्ठरोगावरच काम करत होता, हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. ग्रेज अ‍ॅनाटॉमी आपण सगळ्यांनी उशाला घेऊन झोपलोय, त्यातली मूळ चित्रं या कार्टरची. पुस्तकावर नाव ग्रेचं, आणि कार्टर १८५८ मध्ये इकडे मुंबईला येऊन ग्रँट कॉलेजात शिकवायला लागला. फर्स्ट एमबीबीएसला आम्हाला हे कोणी सांगितलं असतं तर अ‍ॅनाटॉमीवर थोडं तरी प्रेम बसलं असतं. तर हा कार्टर उलट्या प्रकृतीचा. मोजायचा, काढायचा, छापायचा. पायाला गाठी होऊन पू आणि दाणे येतात तो मदुरा फूट, त्यावर त्याने इथेच काम केलं आणि सोसायटीच्या अंकांतून ते मांडलं. कुष्ठरोग बघायला पार नॉर्वेला जाऊन आला. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत भुकेली माणसं लोंढ्याने आली तेव्हा त्यांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जंतू दाखवले, तोच तो रिलॅप्सिंग फीव्हर. आणि एवढं करून मुंबईत त्याच्या नावाचा रस्ता कुठे आहे ते मला तरी सापडलं नाही.

मध्ये एक गोष्ट राहतेय. १८६१ पासून ग्रँट कॉलेजात मराठीतून आणि गुजरातीतून डॉक्टरी शिकवायचे वर्ग होते. हो, मराठीतून. आज मराठीतून मेडिकल म्हटलं की लोक हसतात ना, दीडशे वर्षांपूर्वी जे. जे. त चालू होतं. सखाराम अर्जुन तिथे शिकवायचे. आणि हे सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील, ज्यांच्या घरात रखमाबाई वाढल्या, नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या. केस चालू असतानाच १८८५ मध्ये सखाराम अर्जुन गेले. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांची हॉस्पिटलं चालवली. डॉक्टरांच्या मंडळांचा इतिहास लिहायला बसलं की बायका फारशा सापडत नाहीत, सापडतात त्या अशा कोणाच्या तरी घरातून बाहेर पडताना.

असो. १८८३ मध्ये बॉम्बे मेडिकल युनियन निघाली, आणि इथून गाडी जरा रुळ बदलते. आधीच्या सोसायट्या केसेस सांगायच्या, ही युनियन भांडायला लागली. भांडण कशाचं, तर आयएमएसचं. इंडियन मेडिकल सर्व्हिस मुळात पलटणीची नोकरी, पण सिव्हिल सर्जन कोण, आयएमएसवाला. मेडिकल कॉलेजात प्रोफेसर कोण, आयएमएसवाला. परीक्षा लंडनला. म्हणजे ग्रँटचा गोल्ड मेडलिस्ट पोरगा इथे वॉर्डात असिस्टंट म्हणून आयुष्य काढणार आणि पलटणीतून आलेला साहेब त्याला मेडिसिन शिकवणार, मग साहेबाला मेडिसिन येवो न येवो. डॉ. के. एन. बहादुरजी हे युनियनमधले मोठं नाव, लंडनचे एमडी, हुशार, पण इथे परत आल्यावर दार बंद. त्यांनी हा विषय लावून धरला, काँग्रेसच्या अधिवेशनांपर्यंत गेला तो. १८९८ मध्ये ते वारले, म्हणजे ज्यासाठी भांडले त्यातलं फारसं काही बघायला मिळालं नाही.

आणि १८९६ आलं.

हे मी स्मरणिकेच्या अर्ध्या पानात हट्टाने ठेवायला लावलं. २३ सप्टेंबर १८९६, मांडवी, नवरोजी हिलचा भाग. डॉ. अकासियो व्हिएगास, मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, ग्रँटमधून शिकलेले जीपीच म्हणा ना, एका तापाच्या पेशंटला बघायला गेले. जांघेत गाठ. त्या वस्तीत तशी माणसं काही दिवसांपासून मरत होतीच, धान्याची गोदामं, उंदीर, दाटीवाटीच्या चाळी, आणि ताप काय, तापाने मुंबईत रोज कोणी ना कोणी जायचंच. व्हिएगासनी म्हटलं, हा ब्युबॉनिक प्लेग आहे. आणि नुसतं घरी बसून नाही म्हटलं, ते म्युनिसिपालिटीच्या स्टँडिंग कमिटीत होते, तिथे उभं राहून सांगितलं.

आता विचार करा, १८९६ च्या मुंबईत प्लेग हा शब्द उच्चारायचा म्हणजे काय. बंदर ठप्प होणार, युरोपातले देश इथली जहाजं अडवणार, कापसाचा व्यापार बसणार. लोक म्हणाले हा डॉक्टर घबराट पसरवतोय. म्युनिसिपालिटीचे हेल्थ ऑफिसर आधी 'संशयास्पद ताप' असं गुळमुळीत बोलत राहिले. मग वेगवेगळ्या डॉक्टरांनी तपासलं आणि व्हिएगास बरोबर निघाले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांवर होती, पुढच्या काही महिन्यांत त्यातली निम्म्याच्या आसपास माणसं शहर सोडून पळाली. ऑक्टोबरात लस बनवणारा शास्त्रज्ञ हाफकिन आला, ग्रँट कॉलेजातच त्याला जागा दिली, आणि १० जानेवारी १८९७ ला त्याने आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढचं सगळं, घराघरांत घुसणारे सोल्जर, पुण्यात रँड, ते आपल्याला शाळेत शिकवलंय. व्हिएगासचं नाव त्या धड्यात होतं का? माझ्या तरी आठवणीत नाही. नंतर १९०६ मध्ये ते मुंबई कॉर्पोरेशनचे प्रेसिडेंट झाले.

युनियनच्या भांडणाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या रजिस्ट्रेशनचा कायदा आला, देशातला पहिला. आयएमएसचं जोखड काही सुटलं नाही. मग लोकांनी बाजूने रस्ता काढला, असहकाराच्या वाऱ्यात १९२१ मध्ये नॅशनल मेडिकल कॉलेज निघालं, तेच आजचं नायर. आणि परळला गोवर्धनदास सुंदरदासांच्या इस्टेटीच्या पैशातून कॉलेज उभं राहिलं, १९२६ मध्ये केईएम हॉस्पिटल सुरू झालं, तिथे देणगीची अटच अशी की शिकवणारे सगळे भारतीय पाहिजेत. डीन डॉ. जीवराज मेहता, गांधीजींचे डॉक्टर, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. बहादुरजींना हे बघायला मिळालं असतं तर. १९२८ मध्ये कलकत्त्यात इंडियन मेडिकल असोसिएशन झाली आणि मग गावोगावच्या शाखा, त्या आपल्याला माहीतच आहेत, दर डॉक्टर्स डेला रक्तदान आणि अंताक्षरी.

आता आमच्या मंडळाकडे येतो. आमची मीटिंग दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, एका हॉलमध्ये, खाली मिठाईचं दुकान असल्यामुळे वर सतत तुपाचा वास. रात्री साडेनऊला. जेवण औषध कंपनीकडून, त्या बदल्यात वीस मिनिटं त्यांचा स्पीकर ऐकायचा. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एकदा प्रोजेक्टर बिघडला. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, बिचारा वायर काढतोय, लावतोय, स्पीकर फोनवर, लोक प्लेट घेऊन उभे. तेव्हा आमच्यातले एक खूप सीनियर सर, आता प्रॅक्टिस जवळजवळ बंद केलेले, हातातला बटाटावडा तसाच धरून म्हणाले, प्रोजेक्टर होईपर्यंत मी एक केस सांगतो. चौऱ्याऐंशी सालची. एक बाई, पन्नाशीच्या, संध्याकाळी आल्या, छातीत जळजळतंय, घाम. मी म्हटलं काय खाल्लंत, त्या म्हणाल्या भजी. मी अँटासिड दिलं, वर म्हटलं एवढी भजी खायची नाहीत या वयात. त्या हसल्या, पैसे दिले, जिना उतरून गेल्या. रात्री अकराला त्यांचा मुलगा आला. सर्टिफिकेटसाठी.

हॉलमध्ये कोणी बोलेना. सर म्हणाले, त्यानंतर माझ्याकडे जळजळ घेऊन आलेला एकही पेशंट मी नाडी न बघता सोडला नाही, बस एवढंच, आणि वडा खायला लागले. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, एक गायनॅकच्या मॅडम बोलल्या, मग एक मुलांचे डॉक्टर, मग मी. माझा रिक्षावाला. पूर येऊन गेल्यावर आठवड्याने ताप आणि अंगदुखी घेऊन आला, पोटऱ्या खूप दुखतात म्हणाला, मी म्हटलं दिवसभर रिक्षा चालवतोस, दुखणारच, व्हायरल आहे. चौथ्या दिवशी डोळे पिवळे करून आला. लेप्टो, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप. वाचला तो, सोळा दिवस अ‍ॅडमिट होता, अजून मला बघून हॉर्न वाजवतो. पण पावसाळा, साचलेलं पाणी, पोटऱ्या, पुस्तकात लिहिल्यासारखी केस आणि मी विचारलंच नाही की बाबा पाण्यातून चाललास का. हे मी बायकोला पण सांगितलं नव्हतं, ती पण डॉक्टर आहे तरी.

त्या दिवशी प्रोजेक्टर सुरू झाला तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि स्पीकर कंटाळून घरी गेला होता.

मी नंतर कमिटीत म्हटलं की दर मीटिंगला अर्धा तास असं ठेवूया, चुकलेली केस. तीन महिने झालं. चौथ्या महिन्यात कोणीतरी म्हणालं की हे बाहेर गेलं तर? कोणी मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर? कोर्ट-कचेरी, हाणामाऱ्या, पेपरात नाव. खोटं नाही ते, दवाखाने फोडल्याच्या बातम्या आम्हीही वाचतो. बंद झालं. मी सेक्रेटरी असून काही करू शकलो नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे पण आणखी एक केस होती, ती सांगायची वेळ आली नाही म्हणून आतून थोडं बरंच वाटलं. भाऊ दाजींच्या गुप्त औषधाच्या बाटलीबद्दल वाचताना झोप का उडाली त्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल.

स्मरणिका छापून आल्यावर एका रविवारी मी मुद्दाम धोबीतलावला गेलो. मेट्रो सिनेमाच्या तिथे व्हिएगासचा पुतळा आहे. चाळीस वर्षं मी त्या नाक्यावरून जातोय, कॉलेजात असताना मेट्रोला मॅटिनी बघायला यायचो, बाजूच्या इराण्याकडे ब्रून मस्का खायचो, पुतळा कधी बघितला नव्हता, म्हणजे दिसला असेल पण बघितला नव्हता. खाली नाव वाचलं. फोटो काढायला गेलो तर मधे बस, मग टेम्पो, मग एक माणूस तिथेच उभा राहून फोनवर भांडायला लागला, शेवटी तो फोटोत तसाच आला. फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, डॉ. व्हिएगास, १८९६.

पाच-सहा अंगठे आले. एकाने विचारलं, सर हे आपले मेंबर होते का? आणि ट्रेझररने त्याच्याखाली लिहिलं, ज्यांची यंदाची वर्गणी बाकी आहे त्यांनी महिनाअखेरपर्यंत भरावी.